रोहणा जवळ आलं तेव्हा

मागे एका चुलतसासऱ्यांच्या मयतीला गेलो होतो. तिरडी बांधणं चाललं होतं. सुतळीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं समोरच्या माणसाच्या हातात. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "वासुभाऊ, टायर बदललं त गाडीचं ॲव्हरेज वाढते काय?"

मी म्हणालो, आधी गाठ मारा.

वर्ध्याला टायरच्या दुकानात माझं उभं आयुष्य गेलं. उभं म्हणजे खरोखर उभं, कारण दुकानात खुर्ची एकच होती आणि ती मालकांची होती. या आयुष्यात मला लग्नात, बारशात, दवाखान्याच्या रांगेत आणि एकदा केळझरच्या गणपतीसमोर हात जोडलेले असताना हाच प्रश्न विचारला गेला आहे. दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा असा निरोप आला, तेव्हा म्हटलं, उत्तर एकदाचं छापूनच टाकू. निदान मयतीला तरी सुखानं जाता येईल.

तर थोडक्यात सांगतो. दूरवर चालून आलेल्या ट्रकच्या टायरला हात लावून पाहा. गरम लागतं. ती गरमी उन्हाची नाही. टायर जमिनीवर टेकलं की दबतं, उचललं की फुगतं, आणि दर फेरीला हे दबणं-फुगणं चालू असतं. त्यात रबर तापतं. ते तापवायला जे जळतं ते तुमचं डिझेल. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतं, म्हणून जास्त जळतं. जाड, खोल नक्षीचं टायर डांबरी रस्त्यावर थोडं जास्त खातं, पण काळ्या मातीच्या चिखलातून तेच बाहेर काढतं. सरळ रेघांचं टायर डांबरीवर हलकं पळतं आणि चिखलात मान टाकतं. म्हणजे टायरनं फरक पडतो. पण तो थोडका असतो, आणि तो खाऊन टाकायला ड्रायव्हरचा उजवा पाय पुरेसा असतो.

हे मी हजारदा सांगितलं असेल. कोणाला पटलं नाही. लोकांना टायर बदलायचं असतं, पाय बदलायचा नसतो.

पुढे पुढे मोटारींसाठी रेडियल टायरं आली. सेवाग्रामकडच्या एका डॉक्टरांनी घेतली आणि महिन्याभरानं पेढे घेऊन आले. पेट्रोल खरंच वाचलं होतं. मी त्यांच्या मिसेसना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हे आजकाल बैलगाडीच्या मागे गाडी चालवतात, ओव्हरटेकच करत नाहीत. सारखी नजर मीटरवर." महागाचं टायर घेतलं की माणूस असा जपून चालवतो, आणि श्रेय टायरला जातं. मी पेढे खाल्ले. ते नाकारण्याचं मला काही कारण दिसलं नाही.

आणखी एक गिऱ्हाईक सेलू तालुक्यातले शेतकरी होते. त्यांना बैलबंडीची लाकडी चाकं काढून ट्रकची जुनी टायरं बसवायची होती. त्यांचा प्रश्न होता, "याच्यानं बैल ढेप कमी खातीन काय?" मी म्हणालो, ओझं हलकं लागेल, एवढं नक्की. पुढल्या हंगामात भेटले तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणाले, "बैल तेवढेच खातेत जी. पण आता थकत नाईत. मंग घरचे म्हणतेत, आनखी एक खेप करा. थकून मी राह्यलो." इंधनाच्या बचतीवर याहून खरं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते सुखदेवबद्दल. या एका माणसापायी मला टायरच्या धंद्याचा अभिमान वाटतो आणि त्याच्यापायीच कधीकधी तो धंदा नको वाटतो.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट असेल. गावाबाहेर गोकुळशेठची तेलाची गिरणी होती. खेड्यापाड्यातल्या जिनिंगमधून सरकी आणायची, तिचं तेल काढायचं आणि उरलेली ढेप गुरांसाठी परत त्याच खेड्यांना विकायची, असा कारभार. ट्रक दोन. एकावर मारोती, तो तेलाचे पिंप घेऊन नागपूरला जायचा. दुसऱ्यावर सुखदेव. त्याची कायमची वाट रोहण्याची, तिथून सरकी आणायची.

या गिरणीत एक रीत होती. खंडेनवमीला दोन्ही ट्रक धुऊन, झेंडूच्या माळा घालून अंगणात उभे करत. चाकांना हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा, आणि वर्षभरात ज्याच्या गाडीनं चांगलं ॲव्हरेज दिलं त्या ड्रायव्हरच्या गळ्यात शेठजी स्वतः दुपट्टा घालत. साधा पांढरा, जरीच्या काठाचा. सगळी गिरणी पाहायला जमायची. बाकीकडे ही पूजा दसऱ्याला व्हायची, पण दसऱ्याला सुखदेव बायकोपोरांना घेऊन दीक्षाभूमीला जायचा, म्हणून शेठजींनी ती आदल्या दिवशी आणली होती. इतका तो लाडका ड्रायव्हर. दर वर्षी दुपट्टा त्यालाच मिळायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो गळ्यात घालूनच तो नागपूरच्या गाडीत बसायचा. घरी त्यानं ते दुपट्टे पेटीत घडी करून ठेवले होते. बायकोला हात लावू देत नव्हता.

शेठजींची एक सवय होती. नवी टायरं नेहमी मारोतीच्या ट्रकला. नागपूरचा रस्ता लांबचा, माल महागाचा, वाटेत टायर फुटायला नको. मारोतीची अर्धी झिजलेली टायरं मग सुखदेवकडे यायची आणि पार टकली होईपर्यंत रोहण्याच्या वाटेवर फिरायची. सुखदेवनं कधी कुरकुर केली नाही. पण त्या वर्षीच्या पावसाळ्यात सरकीनं भरलेली त्याची गाडी चिखलात रुतली, दोन बैलजोड्या लावून काढावी लागली, आणि शेठजी माझ्याकडे आले. मी मागच्या चाकांना खोल नक्षीची, एक नंबर मोठ्या मापाची कोरी टायरं दिली. दुकानात कंपनीचं मोठं चित्र लावलेलं होतं. त्यावर टायर, टायरवर मोर, आणि खाली लिहिलेलं, डिझेलची बचत. मोराचा संबंध काय, हे मलाही कधी कळलं नाही. शेठजींनी ते चित्र वाचलं आणि खूश होऊन गेले.

चिखलाचा प्रश्न मिटला. पण ॲव्हरेज पडलं. थोडंथोडकं नाही, चांगलं डोळ्यांत भरण्याइतकं पडलं. पुढच्या महिन्यातही तसंच.

शेठजींचा हिशेब सरळ होता. टायर नवीन, चित्रावर बचत लिहिलेली, गाडी तीच, वाट तीच. मग डिझेल गेलं कुठं? गिरणीच्या वजनकाट्यावर गाड्या रांगेत उभ्या असताना, हमाल, शेतकरी, मारोती, सगळ्यांच्या देखत त्यांनी सुखदेवला हाक मारली आणि म्हणाले, "सुखदेव, डिझल किसको बेचता रे? आपल्या घरातच चोर निघाला म्हणायचा."

सुखदेवनं गाडी काट्यावर घेतली. असं त्या वेळी तिथं असलेल्यांनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेठजी त्याला घेऊन दुकानात आले. "वासुभाऊ, एक तर तुमचा टायर खराब, नाई तर माझा ड्रायव्हर खराब. दोनातून एक सांगा."

मी टायरं पाहिली. हवा पाहिली. चाकं सरळ होती, झीज सारखी होती. टायरात काही खोट नव्हती, आणि तसं मी सांगितलं. वाक्य तोंडातून गेल्यावर मला दिसलं की मी ते टायरबद्दल बोललो होतो आणि ते जाऊन लागलं सुखदेवला. तो दाराशी उभा होता, हातात गाडीची किल्ली.

"तुले काही म्हणायचं हाय काय?" शेठजींनी विचारलं.

सुखदेव म्हणाला, "शेठजी, मले एकच समजते. रोहणा जवळ आलं जी."

"काय?"

"पयले जाऊन-येऊन मीटर जेवढं दाखवे, तेवढं आता दाखवत नाई. कमी दाखवते. मी कुठून बी गेलो तरी कमीच."

शेठजी माझ्याकडे वळले. "ऐकलं? डिझल चोरीले गेलं त गेलं, आता गाव बी सरकून राह्यलं." मग त्यांनी त्याला सांगितलं की नवमीपर्यंत गाडी चालव, नवमीला पूजा झाली की किल्ली मुनीमजींकडे दे.

मी त्याला नंतर चहा पाजला. म्हटलं, "सुखदेव, दुसरी नोकरी पाहा. तुझ्यासारख्या ड्रायव्हरला कोणीही ठेवील."

"चोर म्हणून निघालेल्याले कोन ठेवते, वासुभाऊ?" तो म्हणाला. "अन नोकरीचं जाऊ द्या. दसऱ्याले नागपूरले सारं गाव असते. मी कोन्या तोंडानं जाऊ?"

आता एक दुकानातली गोष्ट सांगावी लागेल. आमचं गोदाम रस्त्याच्या पलीकडे होतं. टायर उचलून नेत नाहीत, हातानं गडगडवत नेतात. आणि प्रत्येक टायरवर ते कोणाचं, हे आम्ही खडूनं लिहीत असू. सुखदेवच्या ट्रकची काढलेली टकली टायरं रिमोल्डसाठी, म्हणजे वर नवं रबर चढवायला, पाठवायची होती. मी त्यातलं एक गडगडवत निघालो आणि माझा जोडीदार शेजारून एक कोरं घेऊन निघाला. दोघांवरही खडूनं नावं होती. निघताना दोन्ही नावं वर होती. रस्ता ओलांडून गोदामाच्या पायरीला टेकलो, तर त्याच्या टायरवरचं नाव खाली गेलेलं आणि माझ्या टायरवरचं पुन्हा वर येऊन पुढे गेलेलं.

वर्षानुवर्षं मी टायरं गडगडवत होतो, पण दोन शेजारी शेजारी कधी पाहिली नव्हती. जुनं टायर झिजून बारीक झालेलं, वर मापानंही लहान. तेवढाच रस्ता ओलांडायला त्याला जास्त फेऱ्या लागत होत्या. आणि गाडीचं मीटर रस्ता मोजत नाही. ते बिचारं मागच्या चाकांच्या फेऱ्या मोजतं आणि त्यालाच किलोमीटर म्हणतं. नवी मोठी टायरं तेवढ्याच वाटेत कमी फेऱ्या घेत होती. रोहणा जिथल्या तिथंच होतं. मीटरमध्ये जवळ आलं होतं. डिझेल तेवढंच लागत होतं, मीटरचे किलोमीटर कमी, म्हणून ॲव्हरेज पडलं.

मी सायकल काढून गिरणीवर गेलो. शेठजींना हे पटवायला खडू, दोन ताटल्या आणि मुनीमजींचं टेबल लागलं. तरी पटलं नाही. मग मी म्हणालो, रस्त्याच्या कडेला सरकारनं दगड लावले आहेत, त्यांना तर टायर नाही ना? चला मोजू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सुखदेव चालवायला, शेजारी शेठजी, मग मी, आणि दाराला चिकटून मुनीमजी. किलोमीटरचा दगड आला की सुखदेव गाडी हळू करायचा, मुनीमजी मोठ्यानं मोजायचे. एका दगडाला कोणीतरी शेंदूर फासून देव केला होता, पुढे नारळाच्या कवट्या पडल्या होत्या. मुनीमजींनी हात जोडले आणि अडकले. "शेठजी, हा मोजायचा की नाही?"

शेठजी म्हणाले, "देव असला तरी किलोमीटरचाच हाय. मोजा."

दहा दगड झाले तेव्हा मीटर नऊच्या थोडंसं पुढे रेंगाळत होतं. शेठजींनी मीटरच्या काचेवर बोटानं टकटक केलं. मीटर काही हललं नाही.

तिथून परत येऊन मी मागची चाकं उतरवली, जुनी टकली टायरं पुन्हा चढवली आणि तेच दगड पुन्हा मोजायला निघालो. या वेळी दहावा दगड यायच्या आधीच मीटर दहा ओलांडून पुढे गेलं. मुनीमजी हिशेबाचा माणूस, त्यांच्या लगेच ध्यानात आलं. शेठजींच्या थोडं उशिरा आलं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, "चला, मिटलं." एवढंच. पुढे कपाशीबद्दल बोलायला लागले.

गिरणीत गाडी लावल्यावर सुखदेव खाली उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मी काचेजवळ गेलो. मला वाटलं, आनंदानं बोलवत नसेल.

"वासुभाऊ," तो म्हणाला, "टकल्या टायरवर मीटर जास्ती दाखवते. म्हंजे पयले माह्यं जे ॲव्हरेज येत होतं, ते बी खोटंच होतं नं?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी चोरीचा डाग पुसायला निघालो होतो. त्याच फडक्यानं दुपट्टेही पुसले जातील हे मला दिसलं नव्हतं. मी म्हणालो, "सगळं खोटं नाही रे. काही टायरचं होतं, काही तुझं होतं."

"किती माह्यं होतं?"

तो हिशेब मला आजही लागत नाही. तेव्हा फार वाईट वाटलं आणि लिहिताना पुन्हा वाटतंय.

नवमीला शेठजींनी मलाही बोलावलं. ट्रक धुतलेले, झेंडूच्या माळा, अंगणात गिरणीचे सगळे लोक. मुनीमजींनी दोन्ही ट्रकच्या वाटा दगडांप्रमाणे धरून नव्यानं हिशेब केला होता आणि त्यात मारोती आणि सुखदेव अगदी सारखे निघाले होते. शेठजींनी ठरवलं, दुपट्टा सुखदेवलाच द्यायचा. त्यांच्या मनानं तेवढ्यात सगळं फिटत होतं. किल्ली मागण्याचा विषय कोणी काढला नाही.

सुखदेवला हाक मारली. तो पुढे आला, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यानं जुने दुपट्टे काढले, धुऊन, इस्त्री करून आणलेले. ते त्यानं मारोतीपुढे धरले. "हे जुन्या मीटरचे हायत. तुले भेटाले पायजे होते."

मारोती त्या दुपट्ट्यांकडे पाहून म्हणाला, "मले जुने कायले देतं बे? ठेव तुह्यापाशी." पण सुखदेव हात मागे घेईना, तेव्हा त्यानं ते घेतले आणि आपल्या ट्रकच्या सीटवर नेऊन ठेवले.

शेठजी नवा दुपट्टा उलगडून उभे होते. सुखदेव म्हणाला, "शेठजी, हा घालाच्या आंधी एक करा. काट्यापाशी तुमी मले चोर म्हणलं होतं. तो सबद वापस घ्या."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. "वासुभाऊ, तुमी सांगा सगळ्याईले, टायरचं काय झालं ते."

मी सांगायला तोंड उघडलं, तर सुखदेवनं हात वर केला. "वासुभाऊनं कदी म्हणलं होतं मले चोर?"

मी तोंड मिटलं. बरोबर होतं ते.

शेठजी वाईट माणूस नव्हते. पण नोकराचं बोलणं ऐकून, नोकरासमोर शब्द मागे घ्यायचा, हे त्यांच्या अंगातच नव्हतं. मग कुंकवाची वाटी उचलून ट्रककडे गेले, मागच्या चाकासमोर वाकले, टायरला बोट लावलं, आणि चाकाकडे पाहत पुटपुटले, "सुखदेवनं चोरी नाई केली."

माझ्या मनात आलं, झालं, यापेक्षा जास्त काही आता निघायचं नाही. सुखदेवलाही ते कळत असावं. तरी तो जागचा हलला नाही.

"गाडीले मालूमच होतं, शेठजी," तो म्हणाला. "माणसाईले सांगा."

शेठजी सरळ उभे राहिले. बोटाचं कुंकू त्यांच्या सदऱ्याला लागलं, ते त्यांनी पाहिलं नाही. लोकांकडे तोंड केलं आणि म्हणाले, "सुखदेव चोर नाही."

मागून, ट्रकच्या पायरीवर बसलेल्या मारोतीचा शांत आवाज आला. "मांगं आयकू नाई आलं जी."

कोणी हसलं नाही. शेठजींनी मारोतीकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग सुखदेवकडे. दुसऱ्यांदा ते जे बोलले ते पार वजनकाट्यापर्यंत ऐकू गेलं.

मग सुखदेवनं मान खाली केली आणि दुपट्टा घालून घेतला.